टपावरचं बिऱ्हाड

माझ्या गाडी चालवण्यावर आजवर फक्त एकाच जीवाने पूर्ण विश्वास टाकलेला आहे. त्या जीवाचं वजन फार तर तीस ग्रॅम असेल. त्याहून जास्त वजनाच्या सगळ्यांनी, म्हणजे माझ्या बायकोने, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी, खालच्या मजल्यावरच्या सर्वज्ञांनी आणि परवाना कार्यालयातल्या दोन निरीक्षकांनी, वेळोवेळी आणि काहींनी लेखी, अविश्वास व्यक्त केला आहे.

या सगळ्याच्या मुळाशी बायकोचं पास होणं आहे. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच मास्तरांकडे, एकाच जुन्या गाडीवर शिकायला लागलो होतो. ती पहिल्या फटक्यात पास झाली. मी पहिल्या वेळी गाडी मागे घेताना निरीक्षकांच्या टेबलाला भेटून आलो. टेबलावर चहा होता, तो त्यांच्या पँटवर गेला. दुसऱ्या वेळी चढावर थांबवलेली गाडी इतकी मागे आली की मागे रांगेत उभा असलेला उमेदवार गाडी सोडून पळाला. त्या दिवशीच्या कागदावर नापासाचं कारण लिहिलं होतं, ‘उमेदवार गाडीला घाबरतो.’ चौतीस वर्षं कचेरीत काढलेला मी माणूस, एकतर्फी शेरा कसा सहन करणार. गाडीही मला तितकीच घाबरते, असा खुलासा मी लेखी पाठवला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

बायको मला यावरून कधी एक शब्द बोलली नाही, आणि दुखणं नेमकं तेच होतं. ती ऐटीत गाडी बाहेर काढायची, मी शेजारी बसलो की माझ्या मांडीवर भाजीची पिशवी ठेवायची आणि म्हणायची, “तुम्ही निवांत बसा.” निवांत बसणं किती कष्टाचं काम असतं हे ज्याच्या मांडीवर पिशवी आहे त्यालाच कळतं.

सर्वज्ञांचं मात्र तसं नव्हतं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचण्याइतका वेळ ते कुणाला देत नाहीत. त्याआधीच सल्ला सुरू होतो. “क्लच सोडताना पाय नाही, मन हलकं सोडायचं,” ते मला जिन्यात अडवून म्हणाले.

“तुम्ही चालवता का गाडी?” मी विचारलं.

“चालवायची काय गरज? तत्त्व समजलं की झालं.”

तर दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मला काही दिवस मास्तरांचं तोंड बघवेना. पण न सांगता गैरहजर राहणं माझ्या रक्तात नाही. मी रीतसर अर्ज केला, ‘पाठीच्या दुखण्यामुळे बारा दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’ ड्रायव्हिंग स्कूलच्या इतिहासात रजेचा अर्ज आलेला नसावा. मास्तरांनी तो दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि म्हणाले, “मंजूर.” पाठ माझी ठणठणीत होती. दुखत होता तो स्वाभिमान, पण त्याचा रजेच्या नियमांत उल्लेख नाही.

त्यांच्याकडे गाड्या दोन. नवी सगळ्यांसाठी, आणि जुनी एव्हाना फक्त माझ्यासाठी उरली होती. “तुमच्या हाताला तीच बसलीय,” असं मास्तर म्हणायचे, पण मला त्यातला अर्थ कळत होता. मी रजेवर, म्हणजे ती गाडीही रजेवर. बारा दिवस ती स्कूलच्या मागच्या अंगणात, गळक्या पाण्याच्या टाकीखाली, उघड्या काचेनिशी उभी राहिली.

तेराव्या दिवशी मी हजर झालो. बसल्याबरोबर जाणवलं की माझी सीट खचली आहे. उसवलेल्या कोपऱ्यातून आतला काथ्या मूठमूठ नाहीसा झाला होता. मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “रजेत वजन वाढलं असेल.” आम्ही निघालो. थोडं पुढे जातो तोच मागून कुणीतरी जोरात शीळ घातली. वाहतूक पोलीस असणार म्हणून मी गाडी कडेला घेतली. पोलीस नव्हता. पुन्हा निघालो, पुन्हा शीळ. अशी मी तीन वेळा गाडी थांबवली. चौथ्या वेळी मास्तर म्हणाले, “अहो, पक्षी आहे तो. चला.” खरंच, विजेच्या खांबावर एक काळापांढरा पक्षी बसून शेपूट खालीवर हलवत होता. आम्ही पुढच्या खांबापाशी पोचलो तर तो आमच्याआधी तिथे. एकेका खांबावर मुक्काम करत त्याने आम्हाला गावभर सोबत केली. मला वाटलं, रजेवरून आलोय म्हणून कुणालातरी बरं वाटलं असेल.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बायको मला न्यायला आली. स्कूलच्या बाहेरच्या जिन्यावर ती चढली, तिथून तिने गाडीकडे पाहिलं आणि तिथेच थांबली. नेहमीच्या आवाजातच ती म्हणाली, “अहो, तुमच्या टपावर कुणीतरी राहायला आलंय.”

आमच्या त्या गाडीच्या टपावर स्कूलची पाटी आहे. दोन पत्रे एकमेकांना टेकवून केलेली, वर निमुळती, आतून पोकळ. मागचं तोंड पत्र्याने बंद, आणि पुढचा पत्रा केव्हाच गळून पडलेला. त्या पोकळीत माझ्या सीटचा काथ्या होता. त्यात कुणाचे तरी केस होते, पुसायच्या फडक्याचे दोरे होते, तांब्याची बारीक तार होती, आणि गाडीच्या मागे चिकटवलेल्या ‘शिकाऊ’ या लाल कागदाचा एक तुकडाही व्यवस्थित गुंफलेला होता. या सगळ्याची इतकी नेटकी वाटी झाली होती की मी माझा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. वाटीत एक पक्षीण बसली होती. आम्ही तिघं जिन्यावरून माना वाकवून बघत होतो आणि ती आमच्याकडे बघत होती, पण उठत नव्हती. थोड्या वेळाने ती पाणी प्यायला टाकीखाली उतरली तेव्हा अंडी दिसली. चार. राखाडी, वर तपकिरी ठिपके.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. तीन दिवस मी त्या बाईला गावभर फिरवून आणलं होतं. बाजारच्या चौकात माझी गाडी दोनदा बंद पडली होती, मागून वीस भोंगे वाजले होते, एका टेंपोवाल्याने माझ्या घराण्याचा उद्धार केला होता. मला त्या वेळी पळून जावंसं वाटलं होतं. तिला पंख होते, आणि ती बसून राहिली होती. इतकं धैर्य मी उभ्या आयुष्यात कुणात पाहिलं नव्हतं. ते माझ्या डोक्यापासून वीतभर वर होतं आणि मला पत्ता नव्हता.

सर्वज्ञ संध्याकाळी बघायला आले. “हा धोबी पक्षी,” त्यांनी जाहीर केलं. “नदीकाठी राहतो, दगडांच्या फटीत. गाडीवर घरटं करणं त्याला शक्यच नाही.” आम्ही त्यांना जिन्यावर नेऊन दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग खाली उतरून म्हणाले, “मग तो चुकतोय.”

मास्तर व्यवहारी माणूस. त्यांनी पान्हा आणला, पाटी घरट्यासकट अलगद उतरवली आणि अंगणातल्या भिंतीवर त्याच उंचीला टांगली. गाडीपासून दहा पावलांवर. पक्षीण परत आली ती थेट टपावर, पाटी जिथे होती तिथल्या हवेत. फडफडत राहिली, बसली, उडाली, गाडीला फेऱ्या घातल्या. नर खांबावरून ओरडायला लागला. भिंतीकडे दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अर्धा तास झाला. अंडी गार पडत होती. मास्तर शिकाऊंवर डाफरून डाफरून आवाज बसलेला माणूस, पण त्या वेळी त्यांनी कुणाकडेही न बघता पुन्हा पान्हा उचलला आणि पाटी परत टपावर बसवली. चौथा नट आवळायच्या आत ती आत जाऊन बसली होती.

आता प्रश्न परीक्षेचा. माझी तिसरी परीक्षा चोवीस दिवसांवर होती. त्याच दिवशी माझा शिकाऊ परवाना संपत होता आणि दुसऱ्या दिवशी मी साठ पूर्ण करत होतो. साठीनंतर सगळं पहिल्यापासून: डोळे, कान, रक्तदाब, लेखी परीक्षा, आणि ‘या वयात कशाला’ असं म्हणणाऱ्या चार टेबलांवरच्या चार सह्या. थोडक्यात, ही परीक्षा गेली की मी जन्माचा पिशवीवाला.

मी आधी परवाना कार्यालयात गेलो. परीक्षेसाठी गाडी बदलून मिळेल का विचारलं. खिडकीतल्या बाबूने सांगितलं, अर्जात गाडीचा नंबर एकदा भरला की भरला. बदलायचा तर नवा अर्ज, तीस दिवस. मी म्हटलं, गाडीवर घरटं आहे. तो म्हणाला, “गाडीवर कर्ज असलं तरी चालतं, नंबर तोच हवा.”

मग पक्षी संरक्षणाच्या कार्यालयात गेलो. तिथे घरट्यांसाठी छापील फॉर्म आहे हे पाहून मला भरून आलं. तिथल्या बाबूने पेन उघडलं. “घरट्याचा पत्ता?”

“सकाळी सात ते आठ बाजार चौक आणि आसपास. नंतर टाकीखाली.”

त्याने पेन मिटलं. “झाड कुठलं?”

“गाडी आहे.”

“झाडाचा रकाना रिकामा सोडता येत नाही.” त्याने मला नियम वाचून दाखवला. वापरातलं घरटं जागेवरून हलवणं गुन्हा आहे.

“पण ते रोज नऊ किलोमीटर हलतंय,” मी म्हटलं.

“कोण हलवतं?”

मी फॉर्म परत दिला.

गाडी चोवीस दिवस उभी ठेवावी, असं बायकोचं मत. मास्तरांना ते पटेना. “तुम्ही जेवढं शिकलाय तेवढंही विसराल,” ते मला म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. तेव्हा एक चाचणी घ्यायचं ठरलं. आधी मास्तर स्वतः बसले. गाडी फाटकापर्यंत गेली नाही तोच पक्षीण उडाली. त्यांनी गाडी माघारी आणली. मग बायको बसली. ती छान चालवते, हे मी मान्य करतो, पण दुसरा गिअर पडताच पक्षीण पुन्हा उडाली. पुढचं तोंड उघडं ना, वेग घेतला की वारा भस्सकन आत भरत असणार. मग मी बसलो. मी पहिल्या गिअरमध्ये निघालो, दुसऱ्यात आलो, ताशी अठराच्या वेगाने गल्लीला वळसा घालून परत आलो. मास्तर जिन्यावर उभे होते. ते खाली वाकून खिडकीतून म्हणाले, “हलली नाही.”

माझं त्या वेळी काय झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही. माझा ऊर भरून आला. त्या पक्षिणीने या गावातल्या सगळ्या गाड्या सोडून ही गाडी निवडली होती, आणि तिला चालणारा एकमेव ड्रायव्हर मी होतो. बायको गाडीजवळ येऊन म्हणाली, “आपल्या गाडीची किल्ली उद्यापासून तुमच्याकडेच ठेवते.” चेष्टा होती की काय, कुणास ठाऊक, पण मी ती तशी घेतली नाही.

मास्तर पहिल्या दिवसापासून सांगत होते की ब्रेकखाली अंडं ठेवलंय असं समजून पाय ठेवा. सगळेच मास्तर हे सांगतात. मला त्या अंड्याबद्दल कधी काही वाटलं नव्हतं. आता ती खरी चार होती. गाडी किती मऊ निघू शकते, किती मऊ थांबू शकते, हे मी रोज सकाळी शोधायला लागलो. रस्त्यातला एकेक खड्डा मला नातेवाइकांसारखा पाठ झाला. कुठला चुकवायचा, कुठल्याला वळसा घालायचा, कुठला टाळता येत नाही म्हणून त्याच्याशी हळूच बोलून पुढे जायचं. आठवड्याभरात मास्तर माझ्या शेजारी डोळे मिटून बसायला लागले. पूर्वीही मिटायचे, पण तेव्हा कारण वेगळं होतं.

रस्त्यावरच्या लोकांना अर्थातच याचं काही नव्हतं. एकदा चौकाच्या अलीकडे एक बस माझ्या मागे लागली आणि भोंगा सोडेचना. शेवटी ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “काका, ढकलू का?” मी वर बोट दाखवलं. त्याला वाटलं मी देवाचं नाव घेतोय. मग त्याला त्याच्या उंच सीटवरून पाटीच्या पुढच्या तोंडातून बाहेर आलेलं डोकं दिसलं. भोंगा थांबला. त्यानंतर ती अख्खी बस, साठ प्रवाशांसह, चौकापर्यंत ताशी अठराच्या वेगाने आमच्या मागे चालत राहिली, आणि तिच्या मागे कुणाला आमच्यावर भोंगा वाजवायची सोयच उरली नाही. चौकात तो उजवीकडे वळला आणि वळताना त्याने दोन बोटं कपाळाला लावली. ती मला होती की तिला, हे मी विचारत बसलो नाही.

अंडी फुटली ती एका मंगळवारी. सर्वज्ञ त्या वेळी जिन्यावर दुर्बीण घेऊन बसलेले होते, अलीकडे ते तिथेच असायचे. त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं, “चार!” जणू काही त्यांनाच झाली होती. ‘शक्य नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी नंतर बरेच दिवस ऐकले नाहीत.

पिल्लं झाली आणि नराने जे सुरू केलं त्याने मात्र मी पुरता थक्क झालो. बाजारच्या चौकातला सिग्नल सत्तर सेकंदांचा आहे. मी त्या सत्तर सेकंदांना आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. दिवा लाल झाला, गाड्या थांबल्या की तो खांबावरून उतरायचा. थांबलेल्या गाड्यांच्या बंपरवर चिकटलेले किडे टिपायचा, दुभाजकाच्या मातीतली अळी उचलायचा, तीन उड्या मारत आमच्या बॉनेटवर यायचा, तिथून टपावर. चार चोची उघडायच्या, त्यातली एक भरायची. आणि हिरवा व्हायच्या तीन-चार सेकंद आधी तो खांबावर परत. एकदाही चुकला नाही. सिग्नल कुणी त्याला शिकवला होता? मला शिकायला दोन महिने लागले होते आणि मास्तर फी घेत होते.

आणि त्याचं गाणं. सकाळी टाकीखाली तो निवांत गायचा, लांब शिळा, मधे थांबून, स्वतःचं स्वतःला ऐकत. चौकात आलं की तेच गाणं तो वरच्या पट्टीत घ्यायचा, तोडून तोडून, गाड्यांच्या घरघरीच्या वर. घरघर खाली राहायची आणि शीळ तिच्या डोक्यावरून पक्षिणीपर्यंत पोचायची. ज्या पाखराच्या आज्याने नदीकाठच्या दगडावर बसून हे गाणं म्हटलं असेल, त्याने ते आमच्या चौकासाठी बदलून घेतलं होतं. मी काच खाली करून ऐकत बसायचो. मास्तरसुद्धा ऐकायचे. आम्ही दोघांनी एकमेकांना तसं कधी सांगितलं नाही.

परीक्षेचा दिवस आला तेव्हा पिल्लं दोन आठवड्यांची होत आली होती. पंख फुटले होते, शेपटीचे खुंट हलायला लागले होते, पण उडत नव्हती. मास्तरांनी मला फाटकाबाहेरच बजावलं, “घरट्याचं अवाक्षर काढू नका. समजलं तर गाडी नाकारतील, आणि आजचा दिवस गेला की तुमचं सगळंच गेलं.” बायको आमच्या गाडीने मागून आली होती. ती उंच भिंतीबाहेर, फाटकापाशी थांबली. मी आत जाताना म्हणाली, “सावकाश.” मला हे सांगायची आता काही गरज नव्हती.

निरीक्षक या वेळी एक बाई होत्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या, चेहऱ्यावर कुठलाही शेरा नसलेल्या. त्या शेजारी बसल्या. वरून चिवचिवाट झाला. “आवाज कसला?” त्यांनी विचारलं.

“जुनी गाडी आहे,” मी म्हणालो.

मी आठचा आकडा काढला. खांबाला न लागता, कुठे न अडखळता. गाडी मागे घेतली, टेबल जिथल्या तिथे राहिलं. चढावर थांबलो, पुन्हा निघालो, गाडी बोटभरही मागे आली नाही. बाईंनी पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “कुठे शिकलात?” हा प्रश्न मला पूर्वी दोनदा विचारला गेला होता, पण या सुरात नाही. मला वाटलं, झालं. मी पास होणार. मी घरी जाणार ते गाडी चालवत, बायको शेजारी, आणि पिशवी तिच्या मांडीवर.

“शेवटचं,” बाई म्हणाल्या. “सरळ रस्त्यावर वेग घ्या. मी टाळी वाजवली की जोरात ब्रेक. कच्चकन गाडी थांबली पाहिजे.”

हे मला माहीत होतं. दोन परीक्षा मी या प्रकारापर्यंत पोचलोच नव्हतो म्हणून विसरलो होतो. मी वेग घेतला. माझ्या डोळ्यांसमोर पाटीचं ते पुढचं उघडं तोंड आलं. कच्चकन थांबलो तर चारही पिल्लं त्यातून सरळ बॉनेटवर, आणि तिथून चाकापुढे. टाळी वाजली. माझा पाय ब्रेकवर गेला आणि सवयीने अलगद टेकला. गाडी मस्तपैकी हळूहळू थांबली.

“ऐकू येतं ना?” बाईंनी विचारलं.

“येतं.”

“मग जोरात लावा. अजून एक संधी असते, दोनच असतात. मागे रांग आहे, चला.”

मी दोन्ही हात चाकावर ठेवून बसलो. उद्या साठ. डोळे, कान, रक्तदाब, चार टेबलं. सर्वज्ञांचं तत्त्व. जन्मभर पिशवी. एकदा पाय दाबायचा, एवढंच तर होतं. आणि ती पक्षीण बाजारच्या चौकात, वीस भोंग्यांत, माझ्या भरवशावर बसून राहिली होती.

“बाई,” मी म्हणालो, “नापास लिहा.”

“का?”

“वर पिल्लं आहेत. जोरात ब्रेक मारला तर पडतील.”

 त्या खाली उतरल्या, दाराच्या चौकटीवर पाय ठेवून वर चढल्या आणि टपावर वाकल्या. पक्षीण चोचीत किडा घेऊन आली, बाईंच्या डोक्याभोवती एक फेरी मारली आणि त्यांच्या खांद्याजवळून आत गेली. बाईंनी श्वाससुद्धा घेतला नसावा. “किती दिवस झाले?” त्यांनी हळूच विचारलं.

“चोवीस, आम्हाला कळल्यापासून.”

“आणि गाडी तुम्हीच चालवत होता?”

“तिला दुसरं कुणी चालत नाही.”

मी एवढं म्हणतो तोच त्यातलं एक पिल्लू पाटीच्या तोंडाशी आलं, पुढे झुकलं आणि थपकन बॉनेटवर पडलं.  पिल्लू उठलं, शेपटीचा खुंट खालीवर केला, आणि उडालं. वेडंवाकडं, जमिनीपासून हातभर वर, पण कुंपणापर्यंत. बाई खाली उतरल्या. चालत जाऊन त्यांनी लाल झेंडा घेतला आणि स्वतः मैदानाच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. रांगेतल्या उमेदवारांनी गाड्या बंद केल्या. दुसरं पिल्लू उडालं, तिसरं उडालं. चौथं मात्र तोंडाशी येऊन मागे जायचं, पुन्हा यायचं. वीस मिनिटं कुणी हललं नाही. शेवटी बाई त्याला म्हणाल्या, “घाई नाही, सावकाश.” इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याच उमेदवाराला हे म्हटलेलं नाही, असं मास्तर नंतर सांगत होते. नर मैदानातल्या सरावाच्या सिग्नलवर बसून गात होता, निवांत, मधे मधे थांबून. आणि चौथं निघालं. पत्र्यावरून थेट हवेत, एकदाही न पडता.

मी तसाच चाकामागे बसलेलो होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. सीटचा काथ्या, फडक्याचा दोरा आणि तांब्याची तार, एवढ्यातून, गाड्यांच्या धुरात, माझ्यासारख्या ड्रायव्हरच्या डोक्यावर, चार जीव तयार होऊन निघून गेले होते. याहून मोठं काही मी पाहिलं नाही, आणि आता पाहीन असंही वाटत नाही.

बाई परत आल्या. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, ‘अचानक ब्रेक लावला नाही.’ खाली नापास, खाली सही. कागद देताना म्हणाल्या, “मला दुसरं काही लिहिता येत नाही.”

“बरोबर लिहिलंय,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला तो पहिला शेरा, ज्याच्यावर मला खुलासा पाठवावासा वाटला नाही.

फाटकापाशी बायको उभी होती. माझे डोळे बघून तिचा चेहरा उतरला. ती दोन पावलं पुढे आली.

“काय झालं?”

“चौघंही उडाली.”

“अहो, मी परीक्षेचं विचारतेय.”

“मीही तेच सांगतोय,” मी म्हणालो.